'वर्क-लाइफ इंटिग्रेशन'ला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार:
'वर्क-लाइफ बॅलन्स'साठी 'काम-जीवन समतोल' बऱ्यापैकी रुळलाय. आता कंपन्यांच्या धोरणांच्या मसुद्यांत 'इंटिग्रेशन' आणि 'ब्लेंड' येऊ लागलेत. अर्थ असा, की दुपारी दोन तास मुलाच्या शाळेत जाऊन यायचं, ते तास संध्याकाळी भरायचे आणि त्याला कोणी रजा म्हणायचं नाही. 'एकात्मीकरण' वाचवत नाही. 'सरमिसळ' चालेल का?

रोजकीर्द:
सरमिसळ नको. हिशेबात सरमिसळ झाली म्हणजे घोळ झाला, हा अर्थ त्या शब्दातून जात नाही. 'मिलाफ' सुरांचा बरा, हजेरीपत्रकात शोभत नाही.

'सांगड' घ्या. पाणी ओलांडायला भोपळे, ओंडके किंवा होड्या एकमेकांना बांधून करतात ती सांगड. बांधलेली प्रत्येक वस्तू शाबूत राहते आणि दोर सोडला की सुटी होते. शिवाय सांगड 'घालावी' लागते, म्हणजे वाक्याला कर्ता हवा. 'कर्मचाऱ्यांनी काम आणि घर यांची सांगड घालावी' असं लिहिलंत की सगळं त्यांच्याच गळ्यात. 'सांगड घालता यावी म्हणून कंपनी पुढील सोयी देईल' असं लिहिलं तर खाली सोयी मांडाव्याच लागतात.

अनुस्वार:
मग 'लवचिक वेळ' आणि 'सांगड' एकच ना?

उंबरठा:
नाही. लवचिक वेळ ही नुसती तासांची व्यवस्था. पश्चिम जर्मनीत म्यूनिकजवळ ओटोब्रुनच्या विमान कंपनीत १९६७ मध्ये ती आली, तेव्हा सर्वांनी एकाच वेळी येण्याने होणारी कोंडी टाळायची होती.

मसुद्यात तिचे तीन भाग वेगळे लिहा. 'सामायिक तास', म्हणजे सगळे हजर असण्याची वेळ, समजा ११ ते ३. 'चौकट', म्हणजे काम कधीपासून कधीपर्यंत करता येईल, समजा सकाळी ७ ते रात्री ८. आणि 'जमा-उणे तास', म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त किंवा कमी केलेल्या तासांचा हिशेब. गडबड होते ती या तिसऱ्यात. मर्यादा घातली नाही तर जमा तास साठत जातात, वापरायला सवड मिळत नाही आणि शेवटी ते बुडतात. दहा तासांच्या वर जमा झाले की वरिष्ठाने महिनाअखेरीपर्यंत ते सुट्टी देऊन मिटवायचे, असं कलम टाका. 'कर्मचारी मिटवू शकेल' लिहिलंत तर ते कोणी मिटवत नाही.

चौकट का हवी तेही सांगते. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामतास-निर्देशात दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांती आहे. रात्री ११ ला मेलचं उत्तर देऊन सकाळी ८ ला हजर झालेल्या माणसाची विश्रांती ९ तासांची झाली. दुपारचे दोन तास मिळाले म्हणून कोणी हे मोजत नाही.

रोजकीर्द:
याला जोडून 'राइट टू डिस्कनेक्ट', म्हणजे कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून मोकळं राहणं. 'संपर्क तोडण्याचा अधिकार' हे भांडण झाल्यासारखं वाटतं. 'संपर्कमुक्तीचा हक्क' बरा. पण हक्क कोणाचा आणि बंधन कोणावर, हे कायद्यागणिक बदलतं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना या विषयावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर उत्तर न देण्याचा हक्क आहे, नकार अवाजवी नसेल तर. पोर्तुगालने २०२१ च्या कायद्यात बंधन थेट मालकावर टाकलं: वेळेबाहेर संपर्क करायचा नाही, अनिवार्य आपत्ती सोडून. तिथे 'हक्क' हा शब्द अपुरा पडतो, 'संपर्कबंदी' म्हणावं लागेल.

अनुस्वार:
मसुद्यात सध्या 'कर्मचारी वेळेबाहेर उत्तर देण्यास बांधील नाही' एवढंच आहे.

उंबरठा:
एवढ्याने भागत नाही. साहेबांचा संदेश रात्री आला आणि खाली 'उद्या पाहिलंत तरी चालेल' असलं, तरी हाताखालचा माणूस तेव्हाच पाहतो. म्हणून नियम पाठवणाऱ्यावर हवा: चौकटीबाहेर लिहिलेला मेल 'शेड्यूल' करून सकाळी सुटेल असा ठेवायचा. तातडीचं असेल तर फक्त फोन, तोही पाळी ज्याची असेल त्यालाच. 'तातडी'ची व्याख्या धोरणातच लिहा, नाहीतर सगळंच तातडीचं होतं.

'असमकालिक संवाद', म्हणजे लगेच उत्तर अपेक्षित नसलेला संवाद, हा शब्दही काढून टाका. 'सवडीने उत्तर' लिहा आणि पुढे मुदत द्या, उदाहरणार्थ कामाचा एक दिवस.

कॅलेंडरवर खासगी वेळ टाकताना 'व्यग्र' एवढंच दिसावं, कारण मागू नये. आणि चॅटमधला हिरवा ठिपका हजेरी म्हणून मोजला जात असेल, तर वरचं सगळं कागदावरच राहतं. लोक ठिपका जागा ठेवायला माउस हलवत बसतात.

पानवाचक:
यंत्रावर, काउंटरवर, वॉर्डात उभं राहणाऱ्यांचं काय? त्यांना ११ ते ३ चा उपयोग शून्य.

उंबरठा:
बरोबर, आणि धोरणात हाच वर्ग गळतो. त्यांच्यासाठी वेगळं कलम करा. पाळीपत्रक निदान दोन आठवडे आधी लावायचं. अदलाबदल दोघांच्या संमतीने आणि मुकादमाला कळवून. मुकादमाची परवानगी लागेल ती फक्त कौशल्य किंवा विश्रांतीचे तास आड येत असतील तेव्हाच. घरचा तातडीचा फोन आत पोचेल असा एक क्रमांक. या कलमाला 'लवचिक वेळ' म्हणू नका, कारण त्यांची वेळ लवचिक नसतेच. 'पाळीची अदलाबदल' हा शब्द कामगारांत आधीपासून आहे, तोच ठेवा.

अनुस्वार:
ठीक. मथळा 'काम आणि घर यांची सांगड', आत 'सामायिक तास', 'चौकट', 'सवडीने उत्तर'. पण 'घर' म्हटलं तर एकटे राहणारे वगळले जातील का?

रोजकीर्द:
शक्यता आहे. 'काम आणि खासगी आयुष्य' करा. मुलं नसलेल्याला शिकवणी, खेळ, आजारी आईवडील यांसाठीही तेच दोन तास मिळायला हवेत. 'घर' लिहिलं की मंजुरी देणारा आधी मुलं किती ते विचारतो.