मदत हवी आहे: ड्रेन व्हॉल्व्हच्या सीटवर चर, स्टेलाइटच ठेवू की टंगस्टन कार्बाइड?

भट्टी_८७
साखर कारखान्याच्या को-जनचा (वीजनिर्मितीचा) बॉयलर, ८७ बार, ५१५ अंश. सुपरहीटर ड्रेनला (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांतलं पाणी काढायची लाइन) दीड इंची फोर्ज्ड ग्लोब व्हॉल्व्ह. बॉडी एफ-२२ (क्रोम-मॉली स्टील), सीट आणि डिस्क दोन्हींवर स्टेलाइट ६ (कोबाल्टचा कठीण मिश्रधातू). गाळप संपायच्या आतच गळायला लागतो. उघडल्यावर डिस्कच्या सीटिंगवर आतून बाहेर जाणारे दोन-तीन बारीक चर दिसतात, बाकी पृष्ठभाग चकचकीत. लॅपिंग (घासून सपाट) करत करत डिस्कवरचा थर ०.८ मिमी उरलाय. हार्डनेस (कठीणपणा) ३१ रॉकवेल सी आला. कोटिंगवाले एचव्हीओएफने (वेगवान ज्वालेने फवारून) टंगस्टन कार्बाइड मारा म्हणतात, ७० च्या आसपास मिळेल म्हणे. मारू का? ऑफ सीझनमध्येच उरकायचंय.

कोबाल्ट
या जागी नको. टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टचं कोटिंग ५०० अंशांच्या वर ऑक्सिडाइझ व्हायला लागतं. शिवाय तापल्यावर एफ-२२ या कोटिंगच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. ड्रेन उघडला की आधी कंडेन्सेट, मागोमाग कडक वाफ. असे झटके बसले की ०.२ मिमीचा थर कडेपासून सोलून निघतो, कारण तो वेल्डसारखा एकजीव झालेला नसतो. कोटिंगच करायचं असेल तर क्रोमियम कार्बाइड-निक्रोम बघा, ते ८०० पर्यंत टिकतं. गार पाणी, स्लरी, वाळू असेल तिथे टंगस्टन कार्बाइडला तोड नाही. पाणी आम्लयुक्त असेल तर मात्र बाइंडर (कण जोडून ठेवणारा धातू) निकेलचा घ्या.

नुसता हार्डनेसचा आकडा बघून मटेरियल निवडू नका. ४४०-सी (कठीण स्टेनलेस स्टील) खोलीच्या तापमानाला ५८ दाखवतं, पण ५०० अंशांवर टेम्पर होऊन उतरतं. स्टेलाइट ६ साधारण ४० च असतं, तरी गरम असताना बऱ्यापैकी टिकतं आणि धातूवर धातू घासला तरी गॉलिंग (पृष्ठभाग चिकटून ओरबाडणं) होत नाही.

मोजपट्टी
त्या ३१ वर विसंबू नका. रॉकवेल सीचा हिरा ४० च्या हार्डनेसला ०.१२ मिमी आत जातो आणि थर त्याच्या किमान दहापट, म्हणजे १.२ मिमी जाड लागतो. तुमच्या ०.८ मध्ये खालचं मऊ एफ-२२ दबतंय. रॉकवेल १५-एन किंवा विकर्सवर (कमी भाराच्या, पातळ थराला चालणाऱ्या चाचण्या) घ्या. सोबत पीएमआय गन (धातूतले घटक मोजणारं यंत्र) लावून लोह बघा. १० टक्क्यांच्या वर निघालं तर वेल्डिंगमध्ये डायल्यूशन (खालचा धातू थरात मिसळणं) झालंय आणि वर स्टेलाइट नावापुरतंच आहे.

भट्टी_८७
१५-एनवर ८० आलं, म्हणजे सीच्या ४० च्या जवळपास. लोह ६ टक्के.

कोबाल्ट
मग मटेरियल ठीक आहे. तुमचे चर वायर ड्रॉइंगचे (वाफेने कापलेले) आहेत. गॉलिंग असतं तर गोलाईत ओरखडे आणि ओढलेला धातू दिसला असता. सीटमध्ये कचरा अडकला किंवा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिला की त्या फटीतून वाफ सुसाट जाते आणि धातू कापते. तिथे कुठलंच मटेरियल फार दिवस तग धरत नाही.

ड्रेनला व्हॉल्व्ह एकच आहे की दोन?

भट्टी_८७
दोन आहेत. ऑपरेटर दोन्ही थोडे थोडे उघडतात.

वेल्डशॉप
तिथेच घोळ आहे. बॉयलरकडचा आधी पूर्ण उघडायचा, मग दुसरा. बंद करताना दुसरा आधी, पहिला शेवटी. झीज दुसऱ्याने सोसायची, पहिला कायम घट्ट राहिला पाहिजे. बंद करण्याआधी दुसरा क्षणभर पूर्ण उघडून फ्लश करा, सीटवरचा स्केल निघून जातो.

डिस्कवर पुन्हा स्टेलाइट चढवायचं असेल तर जुना थर पूर्ण टर्न करून (लेथवर) काढा आणि डीपी (तडे शोधायची रंगाची चाचणी) घ्या. प्रीहीट ३०० अंश. टिग वेल्डिंगने दोन थर, करंट जेमतेम रॉड वितळेल इतकाच. खालचा धातू जास्त वितळला की लोह वर येतं. झाल्यावर उघड्या हवेत ठेवू नका, लगेच सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळा, नाहीतर टणटण आवाज करत तडे जातात. मग ६८० ते ७०० अंशांवर स्ट्रेस रिलीव्ह (आतला ताण काढणं), फायनल मशीनिंग, पुन्हा डीपी. लॅपिंगनंतर किमान १.६ मिमी उरलं पाहिजे. ब्लू (निळी खूण-पेस्ट) लावून सीटवर अखंड रिंग उमटते का ते बघा.

बॉडीच्या सीटच्या नादी लागू नका. दीड इंची बोअरमध्ये टॉर्च नीट फिरत नाही, त्यापेक्षा नवा व्हॉल्व्ह स्वस्त पडतो.