मदत हवी आहे: जुलैत आई-बाबांसोबत लेक डिस्ट्रिक्ट, एडिनबरा, स्काय

नमस्कार मंडळी. लंडनचं ठरलंय, तिथे जुलैत दुपारी सरासरी 23-24 अंश आणि पाऊस वर्षभरात मिळून 600 मिमीच्या आसपास. अडचण उत्तरेची आहे.

वायव्य इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर पश्चिमेचे दमट वारे अडवतात. तिथल्या बॉरोडेल खोऱ्यातल्या सीथवेटला वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो. पेनरिथ हे गाव डोंगरांच्या आडोशाला, पूर्वेकडे असल्याने तिथे बराच कमी. म्हणून मुक्काम पेनरिथला ठेवून डोंगरांमधल्या केझिक गावी बसने जायचा विचार आहे. पंचाहत्तरीच्या माणसांना ही रोजची ये-जा झेपेल का? की सरळ केझिकलाच राहून पावसाचे दिवस घरात काढावेत?

एडिनबराचं गणित उलटं. पूर्वेचा वारा सुटला की थंडगार उत्तर समुद्रावरून 'हार' नावाचं धुकं आत सरकतं. आतल्या भागात लख्ख ऊन आणि किनाऱ्यावर स्वेटर, असंही होतं. तिथल्या किनाऱ्यावरच्या पोर्टोबेलोकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगा, जुलैत ते दुपारपर्यंत विरतं की दिवसभर ठाण मांडतं?

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर प्रश्न मिजेसचा, म्हणजे चिलटांसारख्या चावऱ्या माश्यांचा. ताशी 10-12 किमी वारा असला की त्यांना उडता येत नाही. त्यामुळे झाडीतलं नको, उघड्यावरचं, वारा खाणारं घर हवंय. पोर्ट्री बरं की स्टाफिन?