विषय: बोल्ट घेतोय, पण घरचं पॅनल १०० अँपचं

बंड्या (एडिसन, न्यू जर्सी):
मंडळी, शेवटी सेकंडहँड बोल्ट ईयूव्ही (शेवरलेची इलेक्ट्रिक गाडी) पक्की केली, २०२३ ची. (३० सप्टेंबर २०२५ ला इलेक्ट्रिक गाड्यांवरचं सरकारी टॅक्स क्रेडिट संपलं तेव्हा मी पुण्यात होतो, त्यावर आता कोणी बोलू नका.) घोळ घरचा आहे. विजेचं मुख्य पॅनल १०० अँपचं, त्यावर ड्रायर आणि ओव्हन दोन्ही. इलेक्ट्रिशियन म्हणतो चार्जरसाठी ५० अँपचं सॉकेट, त्यासाठी आधी २०० अँपची सर्व्हिस (घरात येणारी वीजजोडणी), साडेचार हजार डॉलर. गाडी शुक्रवारी उचलायचीय, २० तारखेला आई-बाबा येतायत. कोणी १०० वर भागवलंय का?

नाना:
५० चं सॉकेट कशाला रे? तुझं ऑफिसला जाऊन-येऊन ४५ मैल, म्हणजे १३ युनिट. २४० व्होल्टचं २० अँपचं सर्किट टाक, त्यातून सलग १६ ओढता येतात, ३.८ किलोवॅट. रात्री ११ ला लाव, तीनपर्यंत झालं. फक्त चार्जर १६ वर सेट होणारा घे, गाडीबरोबरची केबल २४० वर ३२ ओढते, ती तिथे लावू नकोस. माझे तीन हिवाळे असेच गेले.

माई:
नाना, तुमचे १३ युनिट मे महिन्यातले. जानेवारीत हीटर लावला की कागदावरचे २४७ मैल कुठे जातात ते आम्हाला विचारा, बॉस्टनच्या नाटकाला निघालो तेव्हा चार्ज ६० टक्केच होता (चूक आमचीच), वाटेत गारठलेल्या बॅटरीला चार्जिंग संथ आणि ही गाडी तशीही ५५ किलोवॅटच्या वर घेत नाही, सव्वा तास पार्किंगमध्ये बेसनाचे लाडू खात बसलो, पहिला अंक गेला. बंड्या, सेल्स टॅक्स धरलास ना? जर्सीतली इलेक्ट्रिक गाड्यांची माफी जुलै २०२५ पासून पूर्ण गेली, ६.६२५ टक्के.

ढोलपथक:
ड्रायरच्याच सॉकेटवर स्प्लिटर लाव की, एका वेळी एकच चालतं असा मिळतो.

बंड्या:
ड्रायर वरच्या मजल्यावर आहे :(

खजिनदार:
मंडळाची ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे, गाड्या गप्पांच्या लिस्टवर. आणि विषय निघालाच आहे तर, हॉलच्या मागचं सॉकेट मंडळाचं नाही, चर्चचं आहे. दिवाळीला कोणीतरी दाराखालून केबल बाहेर काढली आणि पुऱ्या अर्ध्या तळून झाल्यावर ब्रेकर उडाला.

नाना:
कोणीतरी काय, मीच. साधी १२० ची केबल, १२ अँप ओढते. फ्रायर त्याच सर्किटवर कोणी लावला तेही लिहा ना.

माई:
फ्रायर आधीपासून तिथेच होता नाना.

बंड्या:
दुसरा इलेक्ट्रिशियन येऊन गेला, त्याने लोड कॅल्क्युलेशन काढलं, २० अँपचं बसतंय, ५० चं नाही. टाउनशिपचं परमिट मात्र लागणारच. तोवर गॅरेजमधल्या साध्या सॉकेटवर, रात्रभरात ४० मैल मिळतात, एक दिवस घरून काम केलं की भरपाई होते. आता एवढंच सांगा, मागे लेकराची कार सीट धरून आई-बाबा दोघं मावतील का?

माई:
मधली सीट अरुंद आहे. वहिनींना मागे बसव, आईंना पुढे. आणि विमानतळावर बॅगांसाठी नानांची व्हॅन माग.

नाना:
व्हॅन घेऊन जा. येताना फ्रायर पण ने, दिवाळीपासून माझ्याच गॅरेजमध्ये आहे.