विषय: रविवारची रीटबर्ग संग्रहालय भेट – गाड्या आणू नका

मंडळी,
पुन्हा पार्किंगची विचारणा सुरू झाली म्हणून लिहिते. गाडी लावायला जागा मिळणार नाही असंच धरून चला. त्सुरिक (झ्युरिक) मुख्य स्टेशनवरून ७ नंबरची ट्राम, थांबा 'म्युझियम रीटबर्ग', पुढे बागेतून चढ. ११ वाजता हिरव्या काचेच्या दालनात भेटू. संग्रहालयाच्या जुन्या वेसेनडोंक व्हिलाच्या दाराशी थांबू नका, मागे निम्मे तिथेच उभे होते. आत जायचं ते काचेच्या दालनातूनच. जमिनीखालची दालनं त्याला जोडलेली आहेत.
– नीलिमा

नीलिमा,
चढाचं काय? आमचे व्याही पुण्याहून आलेत, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. निदान एक गाडी वरपर्यंत जाऊ दे. आणि सहली आजवर सांस्कृतिक समिती ठरवत आली, आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.
– शरदकाका

काका, व्याह्यांना स्टेशनवरून टॅक्सी करून द्या, सोबत मी येते. पण वेळ कसा वाटायचा तेही ठरवा. सगळे नटराजापाशी फोटो काढतात आणि भारतीय चित्रं लावतात ती दुसरी इमारत, पार्क-व्हिला रीटर, राहूनच जाते. ॲलिस बोनर या स्विस बाई १९३६पासून १९७८पर्यंत काशीत अस्सी घाटावर राहिल्या. त्यांनी जमवलेली भारतीय चित्रं रीटबर्गला दिली. आपल्या मुलांना हे कोण सांगणार? चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून आलटून पालटून लावतात. बसोली या पहाडी शैलीचं एखादं लागलेलं असलं तर दागिन्यांतले पाचू अगदी जवळून बघा, भुंग्याच्या पंखांचे चकाकते तुकडे चिकटवलेले असतात.
– मेधा

मेधाताई, नटराजाला कमी लेखू नका. चोळकाळातलं ब्राँझ आहे. माझ्या सासूबाई त्याच्यासमोर चपला काढून उभ्या राहिल्या, रखवालदारही अदबीने बाजूला झाला. पायाखालचा बुटका दैत्य अपस्मार मुलांना वाकून बघू दे.
– अमोल

अमोल, व्हिलाचंही सांग की. १८५७ची वेसेनडोंक कुटुंबाची वास्तू, जर्मन संगीतकार वाग्नर शेजारच्या घरात राहून 'ट्रिस्टान' हा ऑपेरा लिहीत होता. फोन डेर हाइट या बँकर संग्राहकाने आपला कलासंग्रह शहराला दिला, लोकांनी मतदानाने व्हिला त्यासाठी मंजूर केली, १९५२ला संग्रहालय उघडलं.
– शरदकाका

काका, ही माहिती तुम्हीच सांगा, वेसेनडोंक व्हिलात शिरताना. आधी पार्क-व्हिला, मग नटराज. टॅक्सीचं मेधाताईंकडे. डबे बागेत खाऊ. उपासाचं कुणाला हवं ते शुक्रवारपर्यंत कळवा.
– नीलिमा