वॉशिंग मशीन दुरुस्त करावं की नवंच घ्यावं?

सांजवारा
आमचं फ्रंट लोड मशीन सात किलोचं आहे, नऊ वर्षं झाली. स्पिनला आवाज येत होता, तो वाढत वाढत आता इतका झालाय की मशीन सुरू असताना घरात फोनवर बोलता येत नाही. कपडे मात्र स्वच्छ निघतात, पाणीही व्यवस्थित जातं. मेकॅनिक येऊन बघून गेला. म्हणाला, ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंग गेलंय, सगळं मशीन खोलावं लागेल, त्यापेक्षा नवं घ्या. त्याने सांगितलेला खर्च नव्या मशीनच्या किमतीच्या साधारण ४० टक्के आहे. घरात दोन तट पडलेत. चालतं मशीन भंगारात द्यायला माझा जीव होत नाही. अनुभवी लोकांनी सांगा, काय करावं?

उगाच_एक
नऊ वर्षं चाललं ना? पैसे कधीच वसूल झाले. नवं घ्या आणि धागा बंद करा.

पानाखिळा
उगाच, इतकी घाई नको. आधी बिघाड नक्की कशात आहे ते कळू दे.

सांजवारा, आवाज कसा आहे? कपड्यांच्या वजनाने मशीन धडधडत, हलत असेल तर शॉक ॲब्सॉर्बर बघायचे. खणखण किंवा खरखर मधूनच येत असेल तर नाणं, पिन, ब्राची तार असलं काहीतरी ड्रम आणि बाहेरच्या टबच्या मध्ये अडकलेलं असतं. दोन्ही कामं किरकोळ. पण वेगाबरोबर चढत जाणारी सलग घरघर असेल तर ते बेअरिंगच.

घरी तपासता येतं. प्लग काढा, दार उघडा, रिकामा ड्रम हाताने फिरवा. जात्यासारखी घरघर हाताला जाणवेल. मग ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. बाहेरच्या टबसकट सगळं हललं तर ठीक, ते स्प्रिंगवर टांगलेलंच असतं. टब जागेवर आणि नुसता ड्रम खटखट हलला तर बेअरिंग झिजलंय. टबच्या मागच्या बाजूला तपकिरी ओघळ दिसतात का तेही बघा. बेअरिंग सहसा एकटं जात नाही. आधी त्याच्या पुढचं रबरी सील जातं, पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन निघतं आणि गंज चढतो. म्हणून कोणी नुसतं बेअरिंग बदलून देतो म्हणाला तर नको म्हणा. दोन्ही बेअरिंग आणि सील एकदमच बदलायचं.

बेअरिंग स्वस्त असतं, पैसे मजुरीचे. वजनाचे ठोकळे, दाराचं रबरी गॅस्केट, मोटर, पुली सगळं उतरवल्याशिवाय टब बाहेर येत नाही.

चौकस
पानाखिळा, मूळ प्रश्न राहिला. टब स्क्रूने जोडलेला आहे की सीलबंद? बऱ्याच मॉडेलमध्ये बाहेरच्या प्लॅस्टिक टबचे दोन अर्धे वेल्ड केलेले असतात. मग नुसतं बेअरिंग बदलता येत नाही, ड्रमसकट अख्खा टब घ्यावा लागतो. काही कारागीर टब कापून पुन्हा सीलंट आणि स्क्रूने जोडतात. मी तरी हे करून घेणार नाही, तिथून गळायला लागलं की दोन्ही खर्च डोक्यावर.

पानाखिळा
बरोबर, ते लिहायचं राहिलं. स्क्रूचा टब असेल तर ४० टक्क्यांतही मी दुरुस्त करेन, पण एका अटीवर. ड्रमच्या मागे, त्याला शाफ्टशी म्हणजे फिरवणाऱ्या दांड्याशी जोडणारी तीन हातांची ॲल्युमिनियमची स्पायडर असते. तिला साबणाच्या साक्याने खड्डे पडले असतील किंवा शाफ्ट सीलच्या जागी झिजला असेल तर नवं सीलही टिकणार नाही. टब उघडल्यावर हे मला दाखवा आणि मगच पुढे चला, असं कारागिराला आधीच बजावून ठेवायचं.

नवखी
मध्येच विचारते, माफ करा. आमच्या मशीनमधून पाणीच निघत नाही. नवं घ्यावं लागेल का?

चौकस
अहो ताई, मुळीच नाही! खालच्या कोपऱ्यात झाकणामागे पंपाचा फिल्टर असतो, तो साफ करा. खाली परात ठेवा, पाणी येतं. पंप, दाराचं लॉक, पाण्याचा व्हॉल्व्ह, बेल्ट, मोटरचे कार्बन ब्रश यांच्यासाठी जुनं मशीनही कोणी टाकू नये.

सांजवारा
सगळ्यांचे आभार. हाताने फिरवून बघितलं, पानाखिळा म्हणतात तशीच घरघर आहे, ड्रमही हलतो. मागे ओघळ आहेत. आणि मेकॅनिकला फोन करून विचारलं, टब वेल्डचा आहे. सांगितलेला खर्च टब कापून जोडण्याचाच होता, अख्खा टब बदलायचा तर आणखी वाढेल.

पानाखिळा
मग माझंही मत नवं घेण्याचंच. वेल्डचा टब आणि नऊ वर्षं, यात आता जीव अडकवू नका. नवं येईपर्यंत स्पिन सगळ्यात कमी वेगावर ठेवा किंवा बंदच करा. ड्रम टबवर घासायला लागला तर मध्येच सगळं ठप्प होईल.

चौकस
घेताना दहा वर्षांच्या वॉरंटीला भुलू नका. ती बहुतेक वेळा फक्त मोटरची असते. पीसीबी (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि बाकी भागांची किती आहे ते लेखी बघा. टब उघडता येतो का हे विक्रेत्याला माहीत नसतंच, ते सर्व्हिसवाल्यांना विचारा. आणि नवं बसवताना मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट, काढलेत ना ते स्वतः बघा, ते तसेच राहिले तर पहिल्याच स्पिनला मशीन घरभर फिरेल. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.

उगाच_एक
मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो?

पानाखिळा
उत्तर बरोबर, रीत चूक. निम्मे गुण.