चार वस्तूंचं इक्विवोक: दुसऱ्या टप्प्यात संशय येतो, वाक्यं कशी बसवावीत?

टेबलाखालचा_हात:
इक्विवोक म्हणजे प्रेक्षकाने काहीही निवडलं तरी शेवटी जादूगाराने आधीच ठरवलेली वस्तू उरेल अशी युक्ती. माझ्याकडे नाणं, किल्ली, अंगठी, खोडरबर अशा चार वस्तू. पाकिटातल्या चिठ्ठीवर किल्ली. सध्या मी म्हणतो, "दोन वस्तू निवडा." त्यात किल्ली आली तर उरलेल्या दोन काढतो, नाही आली तर निवडलेल्याच काढतो. मग "आता यातली एक निवडा" आणि पुन्हा तोच प्रकार. अडचण अशी की पहिल्या वेळी निवडलेल्या ठेवल्या आणि दुसऱ्या वेळी निवडलेली काढली, की पुढच्या रांगेतून हमखास ऐकू येतं, "अहो, मघाशी निवडलेलं ठेवलं होतं ना?" कार्यक्रम सोसायट्यांच्या गणपतीतले, प्रेक्षक तीन-चार फुटांवर. शब्द कसे बदलू? शिवाय वस्तू पाच-सहा घेतल्या तर हेच चालेल का?

जोकर५३:
सगळा घोळ "निवडा"मुळे होतोय. निवडलं म्हणजे पसंत केलं, आणि पसंत केलेली वस्तू तुम्ही टाकून दिलीत की कोणालाही खटकणारच. हा शब्द पाकीट उघडेपर्यंत तोंडातून काढायचा नाही. फक्त कृती सांगा. तिचा अर्थ काय, हे ती झाल्यावर तुम्ही ठरवणार. आणि दोन टप्प्यांत कृती वेगळ्या ठेवा, म्हणजे मघाशी काय आणि आता काय ही तुलनाच होत नाही.

मांडणी एका ओळीत, किल्ली कडेला नको, एका टोकापासून दुसरी. जागा दर कार्यक्रमात तीच, म्हणजे तुम्हाला एकाच ठिकाणी नजर टाकावी लागते.

"दोन्ही हात पुढे करा. एकेक हात एकेका वस्तूवर ठेवा."

किल्ली हाताखाली असेल तर उरलेल्या दोन तुम्ही उचलून खिशात टाका. "तुमच्याकडे दोन राहिल्या. एकेका मुठीत घ्या." किल्ली हाताखाली नसेल तर "त्या सरकवा माझ्याकडे." हात आधीच वस्तूंवर आहेत, त्यामुळे सरकवणं ओघाने येतं, जणू हात त्यासाठीच ठेवायला सांगितले होते. मग "राहिलेल्या दोन एकेका मुठीत घ्या." कुठूनही आलात तरी इथे चित्र एकच: दोन मुठी, एकीत किल्ली. कुठल्या मुठीत ती गेली, हे मात्र घेताना बघून ठेवा.

"एक मूठ पुढे करा."

किल्लीची मूठ आली तर "घट्ट धरा. दुसऱ्या हातातलं टेबलावर ठेवून द्या." दुसरी आली तर तिच्याखाली तळहात धरून "सोडा यात." तळहात त्याआधी पुढे करायचा नाही. तो आधीच पसरलेला दिसला तर प्रेक्षकाला वाटतं आपण वस्तू देतोय, आणि मग दिलेली वस्तू "घट्ट धरा" म्हणायची सोय राहत नाही.

सराव असा करा. चारांतून दोन अशा जोड्या सहाच होतात, तीन किल्लीच्या आणि तीन बिनकिल्लीच्या. कागदावर त्यांना १ ते ६ क्रमांक द्या. फासा टाका, आलेल्या जोडीचं वाक्य मोठ्याने म्हणा, मग मुठीसाठी नाणं उडवा. वाक्य न अडखळता येईपर्यंत लोकांसमोर नको. शब्दांपेक्षा अडखळणंच जास्त पकडलं जातं.

काळा_रुमाल:
पाच-सहा वस्तूंना हात ठेवण्याची रीत ओढूताणून लावू नका. तिथे जादूगार रॉय बेकर यांचा पॅटिओ फोर्स (फोर्स म्हणजे निवड मोकळी वाटावी, पण आपल्याला हवी तीच वस्तू यावी). नियम उघड सांगायचा: एकाने दोन वस्तू उचलायच्या, दुसऱ्याने त्यातली एक बाद करायची, मग पाळी उलटी. तुमची उचलायची पाळी असेल तेव्हा किल्लीला हात लावायचा नाही. प्रेक्षकाने उचललेल्या दोनांत किल्ली असेल तर बाद दुसरी करायची.

सुरुवात कोणी करायची यावर सगळं अवलंबून आहे. वस्तू विषम असतील तर आधी तुम्ही उचला, सम असतील तर प्रेक्षक. कारण शेवटच्या दोन उरल्या की त्या उचलायची पाळी त्याची आणि बाद करायची तुमची यायला हवी. पाच वस्तू असतील तर चार फेऱ्या, सात असतील तर सहा. सातच्या पुढे लोक जांभया देतात. कोणी हौसेने आपलं घड्याळ मध्ये ठेवलं तर पुन्हा मोजा, सम-विषम बदललेलं असतं. हा सरळ खेळाचा नियम वाटतो, त्यामुळे "मघाशी असं केलंत" हा आक्षेप निघतच नाही. किंमत एकच, वेळ जातो.

दोन_बशा:
चारच वस्तू असतील तर शेवटची निवड खरोखर मोकळी ठेवता येते. दोन स्टीलच्या बशा, एकीत नाणं-किल्ली, दुसरीत उरलेल्या दोन. "एक बशी माझ्याकडे सरकवा." नाणं-किल्लीची आली तर "या दोन वापरू", दुसरी आली तर "ही आवरून ठेवतो." पुढे फोर्स नाहीच. "यातली हवी ती घ्या. बदलायची आहे? बदला." किल्ली घेतली तर खिशातलं पाकीट काढायचं. नाणं घेतलं तर बशी उलटी करायची, खाली स्टिकरवर 'नाणं'. पाकिटाचा उल्लेख आधी करायचा नाही, आणि बशी "उचला" म्हणायचं नाही, "सरकवा"च. "बदला" म्हणता आलं की आधीची सरकवासरकवी लोक विसरतात.

एक राहिलं. त्याच प्रेक्षकांसमोर दुसऱ्यांदा करू नका, कितीही आग्रह झाला तरी. हल्ली कोणीतरी मोबाइलवर चित्रण करतंच, दोन्ही वेळची वाक्यं शेजारी ठेवली की संपलं.

टेबलाखालचा_हात:
मुठींचं पटलं, तेच बसवतो. पण मूठ पुढे करता करता कोणी स्वतःच म्हणालं, "मला हीच हवी," आणि आत नाणं असलं तर?

जोकर५३:
हवी म्हणाला ना, मग देऊन टाका. "नाणं तुमचं, खिशात ठेवा, घरी न्या. म्हणजे माझ्यासाठी काय राहिलं?" आणि पाकीट उघडा. त्यासाठी चिठ्ठीवर फक्त 'किल्ली' एवढंच लिहायचं. 'तुम्ही किल्ली निवडाल' असं लिहिलंत तर हा रस्ता बंद. आणि अंगठी पितळेची घ्या, ती मागणारेही भेटतात.