मदत हवी आहे: २०१६ ची अबार्थ पुंटो आत्ता घ्यावी का? (सातारा, बहुतेक वापर घाटात)

नमस्कार मंडळी,

जाणकारांचा सल्ला हवा आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

सध्या माझ्याकडे २०११ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. गाडीने कधी दगा दिला नाही. पण सासर पाचगणीला, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा पसरणी घाट ठरलेला. चौघं बसलेले, एसी चालू आणि पुढे उसाचा ट्रक असला की दुसऱ्या गिअरमध्येही गाडीला ओढ राहत नाही. ओव्हरटेक करताना समोरचं वळण जवळ यायला लागतं आणि मागे बसलेली आई एकदम गप्प होते. मला शर्यत लावायची नाही. पाय दिला की गाडी निघाली पाहिजे आणि ब्रेक मारला की जागेवर थांबली पाहिजे, एवढंच.

माझे थोरले मामा रांजणगावला फियाटच्या कारखान्यात होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ (फियाटचा दमदार गाड्यांचा ब्रँड) पुंटो बाजारात आली, तीही तिथलीच. दिवाळीला मामा आले ते याच गाडीबद्दल बोलत. दिसायला घरगुती पुंटो, पण आत १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा इंजिनात जास्त हवा ढकलतो, तो टर्बो), १४५ पीएस ताकद, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि बॉनेटवर अबार्थचं चिन्ह, तो विंचू. दिल्ली एक्स-शोरूम ९.९५ लाख. तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो, विचार करण्यातही अर्थ नव्हता. मामा तीन वर्षांपूर्वी गेले. गाडी मनातून गेली नाही.

आता पुण्यात एक मिळते आहे. २०१६ ची, एमएच १२ पासिंग, दुसरा मालक, ६२ हजार किलोमीटर, मागणी ५.७५ लाख. मागच्या रविवारी चालवून बघितली. दोन हजार आरपीएमपर्यंत काहीच वाटत नाही, साधी पुंटोच. त्याच्या पुढे बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि पाठ सीटला टेकते. स्टिअरिंग हायड्रॉलिक, जड, पण टायरखाली खडी आहे की गुळगुळीत डांबर हे हाताला कळतं. क्लच मात्र जड आहे, आणि डाव्या पायाला विसावायला जागाच नाही. क्लचच्या डावीकडे बूट तिरका करून ठेवावा लागतो. तासाभरात पोटरी भरून आली.

नवीन आय-२० एन लाइनही बघितली. १२० पीएस, कडक सस्पेन्शन, गाडी छानच आहे, पण रस्त्यावर येईपर्यंत माझ्या हिशेबाबाहेर जाते. जुनी बघावी तर २०२१ ते २०२३ च्या गाड्यांना क्लच पेडल नाही, आयएमटी (गिअर हाताने, क्लच आपोआप) किंवा डीसीटी (ऑटोमॅटिक). मला क्लचच हवा. बलेनो आरएस मनाला पटली नाही. १०२ पीएस कागदावर ठीक आहेत, पण चालवताना साध्या बलेनोपेक्षा फार वेगळी वाटली नाही. माझं मत.

भीती एकाच गोष्टीची आहे. याआधी एका जुन्या गाड्यांच्या दुकानात अशीच एक दमदार हॅचबॅक जवळजवळ ठरवली होती. "कंपनी कंडिशन" म्हणून सांगितलं. टोकन द्यायच्या आदल्या दिवशी आमच्या फिटरने खाली वाकून बघितलं, तर एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाकलेला. इंजिनचं ट्यूनिंग बदललेलं, आणि विकणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तेव्हापासून विश्वास उडालाय.

तर टर्बो पेट्रोल जुनं घेताना नेमकं काय तपासायचं? सुटे भाग मिळतात का? आणि आता सगळीकडे ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे, दहा वर्षांच्या गाडीला ते झेपेल का? बजेट डागडुजीसकट साडेसहा लाख. घरात बोलणं झालंय, पत्नीचा होकार आहे, पण "वर्षातून दोनदा टो करून आणायची नाही" या अटीवर.

– यवतेश्वर_घाट

---

घाटवेडा:

दादा, माझ्याकडे २०१४ पासून लिनिया टी-जेट आहे. तेच १.४ इंजिन, माझ्यात ११४ पीएस. ८८ हजार झाले. इंजिन दणकट आहे, पण निष्काळजी मालक त्याला चालत नाही.

पहिली गोष्ट, इंजिन पूर्ण गार असताना सुरू करायला लावा. बघायला गेलात आणि बॉनेट आधीच गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी परत जा. गार इंजिन सुरू करताना निळसर धूर आला तर तेल जळतंय. टर्बोचा सील किंवा व्हॉल्व्हचे सील, दोन्ही खर्चाचे. मग इंटरकूलरकडे (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा भाग) जाणारा पाइप सोडवून आत बोट फिरवा. हलका तेलकटपणा चालतो, तेल साचलेलं असेल तर टर्बो गेल्यात जमा.

ऑइल फिलरचं झाकण उघडून आत डांबरासारखा काळा चिकट थर दिसतोय का बघा. टर्बोची पाती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात आणि सगळं ओझं तेलाच्या पातळ थरावर असतं. घाट चढून वर आल्या आल्या कुणी चावी बंद केली, तर ते तेल तिथेच तापून त्याचा कोळसा होतो. म्हणून पाचगणीला पोहोचलात की मिनिट-दीड मिनिट गाडी चालू ठेवा, मग बंद करा. मी पोरांना पण हेच शिकवलंय.

या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. ६२ हजार आणि जवळपास दहा वर्षं, म्हणजे बेल्ट बदलल्याचं बिल दाखवलं नाही तर बदललेलाच नाही असं समजा. तो तुटला तर अख्खं हेड उघडावं लागतं. टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी करून घ्या, उघडण्याची मजुरी एकदाच लागते. हा खर्च मागणीतून कापून मगच भाव बोला.

क्लच जड म्हणालात. थोडा जड असतोच. पण चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर पूर्ण पाय देऊन बघा. आरपीएम वर गेले आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपली.

---

मेघना_को:

गाडी मनात आहे हे कळतंय, तरी एक पर्याय सुचवते. २०२० ते २०२२ मधली पोलो १.० टीएसआय मॅन्युअल बघितलीत का? लोक जीटीचा बिल्ला शोधत बसतात, पण जीटी ऑटोमॅटिकच आहे. तेच ११० पीएस, १७५ न्यूटन मीटरचं इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये हायलाइन प्लस या मॉडेलला मिळायचं. आमच्याकडे आहे, कोल्हापूर-गगनबावडा नेहमीचा रस्ता. अबार्थइतकी ताकद नाही, पण गाडी हलकी आहे, बीएस-६ आहे आणि निम्म्या वयाची. मागच्या सीटवर जागा कमी, हे आईंना आधी बसवून बघा.

अबार्थच घेतलीत तर ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिमी आहे हे लक्षात ठेवा. सातारा-कास रस्ता आणि गावातले गतिरोधक, दोन्हीकडे तिरकी काढावी लागेल.

---

शिरवळकर:

ट्यूनिंगबद्दल दोन शब्द. टी-जेट घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रिमॅप करून, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याचं सेटिंग बदलून घेतलेला असतो. फिल्टर बॉक्सच्या जागी उघडा शंकूसारखा फिल्टर, टर्बोच्या पाइपांवर नव्या चकचकीत पट्ट्या, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास, यातलं काही दिसलं की स्पष्ट विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडीत फेरफार करता येत नाही, आणि न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. अपघात झाला तर तुमचंच नुकसान.

सुटे भाग: फियाटच्या गाड्या बंद झाल्या तरी कंपनी स्टेलांटिस या मोठ्या वाहन समूहात आहे, रांजणगावला जीप बनतात, आणि जीपच्या काही वर्कशॉपमध्ये फियाटचंही काम होतं. बुश, शॉकअप, फिल्टर यांची अडचण नाही, बरंचसं साध्या पुंटोचंच आहे. इंजिनचं सामान लिनिया टी-जेटशी जुळतं. अबार्थचे बंपर, अलॉय, बिल्ले मात्र शोधावे लागतात. ते धड आहेत का आधी बघा, तुटका बंपर स्वस्तात मिळेल ही आशा ठेवू नका.

ई-२० चं म्हणाल तर ऑक्टेनची (पेट्रोल इंजिनात अवेळी न पेटण्याची क्षमता) काळजी नको. साध्या पेट्रोलचा ९१ होता, ई-२० चा किमान ९५ आहे, टर्बोला ते चांगलंच. प्रश्न रबराचा आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि सील खराब करतं, ओलावाही धरतं. पेट्रोलच्या नळ्या तपासून शंका असेल त्या बदला, आणि टाकी भरून गाडी महिना-महिना उभी ठेवू नका. ॲव्हरेज थोडं कमी मिळेल, ते धरून चाला.

---

यवतेश्वर_घाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मालकांना फोन केला. बेल्टचं बिल नाही म्हणाले, स्वतःहून वीस हजार कमी करायला तयार झाले. रिमॅपबद्दल विचारल्यावर म्हणाले, "तुमचा स्कॅनर घेऊन या, लावून बघा." हे ऐकून बरं वाटलं.

मेघनाताई, पोलोही बघणार आहे. वाईत एक आहे, आईला तिथेच मागे बसवून बघतो.

घाटवेडा दादा, अजून एक सांगा. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणं) चारही सिलिंडरची करून घेणार आहे. चौघांमध्ये किती फरक चालतो? रविवारी सकाळी सातला आमच्या फिटरला घेऊन पुण्याला जातोय. शनिवारी रात्रीनंतर गाडी अजिबात सुरू करू नका, असं मालकांना सांगून ठेवलंय.

---

घाटवेडा:

सर्वात जास्त आणि सर्वात कमी यात दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर निर्धास्त राहा. एकच सिलिंडर वेगळा पडला तर त्यात थोडं तेल टाकून परत मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. टेस्ट मात्र इंजिन गरम झाल्यावर करायची, म्हणजे आधी गार इंजिनाचा धूर बघून घ्या. परत आलात की आकडे इथे टाका.